जुने रेकॉर्ड प्लेअर पुन्हा वाजते करायचे आहेत – दोन यंत्रं, दोन दुखणी

कृष्णाकाठ

मंडळी, मदत हवी आहे. घरात सध्या दोन रेकॉर्ड प्लेअर आहेत आणि दोन्ही धड वाजत नाहीत.

पहिला माझ्या सासऱ्यांचा, एचएमव्हीचा फिएस्टा. पेटीतच स्पीकर, मिनिटाला १६-३३-४५-७८ फेरे असा वेगाचा नॉब. बरीच वर्षं सांगलीच्या घरी माळ्यावर पडून होता. प्लग लावला की ताटली फिरते, पण रडत रडत. बोटाने रेटा दिला की वेग घेते आणि मग दर फेऱ्याला धप् धप् असा आवाज येतो. आधीच तडा गेलेली एक ७८ची रेकॉर्ड लावून बघितली, तर खरखर भरपूर आणि गाणं कुठेतरी लांबून.

दुसरा माझ्या दिरांनी अमेरिकेतून परत येताना आणलेला पायोनियर पीएल-१२डी. सत्तरच्या दशकातला, बेल्टवाला. बेल्ट नवीन टाकलाय, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय. फिरतो एकदम गुळगुळीत. पण त्याच्यावर सगळ्या बायका पुरुषी आवाजात गातात आणि पुरुष गातात ते ऐकवत नाही. भाऊजी म्हणतात वेग बरोबर आहे, कारण त्यांच्याकडची स्ट्रोबची चकती (वेग तपासायची, रेघारेघांची) ताटलीवर ठेवली की ट्यूबलाइटखाली रेघा अगदी स्थिर दिसतात. मलाही तशाच दिसल्या. मग आवाज असा का?

रेकॉर्डी साठेक असतील. निम्म्या ईपी (छोट्या, ४५च्या), काही शास्त्रीयच्या एलपी (मोठ्या, ३३च्या) आणि एक ट्रंक ७८च्या, नाट्यसंगीत मुख्यतः. त्या आजेसासऱ्यांच्या वेळच्या.

इथल्या एका दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता "फेकून द्या, ब्लूटूथ घ्या" असा सल्ला दिला. मला सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर घरात आहे. सुरुवात कुठून करू?

सातबारा

ताई, दुरुस्तीवाला अगदीच चुकीचं बोलला नाही. सगळी गाणी फोनवर आहेत. हौस म्हणून ठीक, पण खर्चात पडाल.

काळी_चार

सगळी नाहीत हो. ७८च्या जमान्यातली आहेत ती बरीचशी चुकीच्या वेगाने चढवलेली आहेत, पट्टी बघितली की कळतं. आणि त्यांच्या ट्रंकेत काय आहे हे तुम्हाला-मला कुठे माहीत?

कृष्णाकाठ, पायोनियरवरचं गाणं बाजाच्या पेटीवर (हार्मोनियमवर) लावून बघा. किती खाली जातंय ते सांगा. सर्दी-पडशाचा सूर आणि वेगाचा सूर यात फरक असतो. :)

लॅमिंग्टनवाले_काका

ताई, पहिली गोष्ट: दोन्ही यंत्रांची पिन भिंगाखाली बघून होईपर्यंत एकही चांगली रेकॉर्ड लावायची नाही. यंत्र कितीही बिघडलं तरी दुरुस्त होतं. झिजलेल्या पिनेने खरवडलेली रेकॉर्ड परत येत नाही. जुन्या यंत्रांत बहुधा नीलमण्याची पिन असायची, तिचं आयुष्य चाळीस-पन्नास तास. हिऱ्याची पाचशे ते हजार तास जाते. तुमच्या सासऱ्यांनी शेवटची पिन कधी बदलली हे कोणालाच माहीत नसणार, म्हणजे ती झिजलेली आहे असंच धरून चाला.

दुसरी गोष्ट, फिएस्टा परत थेट भिंतीतल्या सॉकेटला लावू नका. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र आम्ही आधी सिरीज लॅम्पवर घेतो. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब यंत्राच्या रांगेत. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, तेव्हा ट्रान्सफॉर्मरऐवजी बल्बने मार खाल्ला. मेन वायरचं रबर तडकलं असेल तर वायर आधी बदला. आणि यंत्र चालू असताना उघड्या धातूला टेस्टर लावा. त्या काळात काही स्वस्त प्लेअर विनाट्रान्सफॉर्मरचे असायचे, त्यांच्या चॅसीवरच (धातूच्या सांगाड्यावर) करंट असतो. तुमचा तसा आहे की नाही हे उघडल्यावर दिसेल. तोवर आहे असं समजून वागा.

रडत फिरणं आणि धप् धप्, ही दोन वेगळी दुखणी आहेत. उघडून फोटो टाका, मग बोलू.

एडिसनकर

काकांचं सगळं बरोबर. मी पायोनियरबद्दल बोलतो, कारण हा किस्सा आमच्या न्यू जर्सीतून गाठोडं बांधून परत गेलेल्या प्रत्येक दुसऱ्या घरात घडलेला आहे.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११५ करतो. पण ५० हर्ट्झचे ६० करत नाही. पीएल-१२डीमध्ये चार पोलची सिंक्रोनस मोटर आहे. ती व्होल्टेजकडे बघून फिरत नाही, विजेच्या लहरींना धरून फिरते. अमेरिकेत ६० हर्ट्झवर मिनिटाला १८०० फेरे, भारतात ५० हर्ट्झवर १५००. पुली अमेरिकेच्या मापाची, मोटर भारताच्या वेगाने. म्हणजे सरळ सहास पाच हा हिशेब. ३३ १/३च्या जागी ताटली २७.८ने फिरतेय. बावीस मिनिटांची बाजू संपायला साडेसव्वीस मिनिटं लागत असतील, बघा घड्याळ लावून.

काळी_चार

म्हणजे सुरात सांगायचं तर तीन स्वरांहून थोडं जास्त खाली. पेटीच्या पट्ट्यांत बोलायचं तर काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येणार. पांढरी चार ही पुरुषांची पट्टी नव्हे, पण बाईचा आवाज तिथे नेला की कृष्णाकाठ म्हणतात तसंच होतं.

कृष्णाकाठ

एडिसनकर, हे पटतंय. पेटीवर लावून बघितलं, काळी_चार म्हणतात तेवढंच खाली आहे. पण मग स्ट्रोब? रेघा स्थिर दिसतात हे मी स्वतः बघितलंय.

एडिसनकर

भाऊजींनी चकती कुठून आणली? अमेरिकेतूनच ना? मग त्यावर ३३च्या वर्तुळात २१६ रेघा असतील. मोजा, किंवा कडेला "६०" असं छापलंय का बघा.

ट्यूबलाइट विजेच्या प्रत्येक लहरीत दोनदा उजळते. ६० हर्ट्झला सेकंदाला १२० वेळा, ५० हर्ट्झला १०० वेळा. २१६ रेघांची चकती अमेरिकेच्या दिव्याखाली ३३ १/३ला स्थिर दिसते. तीच चकती भारतातल्या दिव्याखाली स्थिर दिसायला किती वेग हवा? मिनिटाला ६००० लुकलुका भागिले २१६. उत्तर २७.८! मोटर आणि दिवा दोघेही एकाच विजेवर, दोघेही सारख्याच प्रमाणात मंदावलेले, त्यामुळे चकती बिचारी दोघांना साक्ष देतेय. भारतासाठी १८० रेघांची चकती लागते.

चकतीवर विश्वासच ठेवू नका. ताटलीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा आणि तीन मिनिटं मोजा. बरोबर शंभर फेरे व्हायला हवेत.

कृष्णाकाठ

त्र्याऐंशी आणि वर थोडं!! भाऊजींसमोरच मोजलं. त्यांनी चकती उलटी करून बघितली, मागे खरंच "६० सायकल्स" लिहिलंय. आता ते मोटर बदलायची भाषा करताहेत.

ठाण्याचा_ठणठणपाळ

४५वर लावून ऐकायचं की!

एडिसनकर

४५चे ३७.५ होतात. मग साडेबारा टक्के जास्त वेगात, म्हणजे बाई दोन स्वर वर चढलेली. २७.८ किंवा ३७.५, मधलं काही नाही. :)

मोटर अजिबात बदलू नका, ती उत्तम मोटर आहे. उपाय दोन. एक, शुद्ध साइन वेव्हचा छोटा इन्व्हर्टर, ज्यात ११० व्होल्ट ६० हर्ट्झ निघते असा. मोटर फार कमी वीज खाते, त्यामुळे लहानातला लहान चालतो. पण चौकोनी लहरींचा स्वस्त इन्व्हर्टर घेऊ नका, मोटर गुरगुरते आणि ते पिनेतून ऐकू येतं. दोन, पुली बदलणे. ५० हर्ट्झच्या देशांसाठी कंपनी मोठी पुली द्यायची. जुनी मिळाली तर उत्तम, नाहीतर लेथवर पितळेची करून घ्या.

लॅमिंग्टनवाले_काका

पुलीला माझं मत. इन्व्हर्टर म्हणजे टेबलाखाली आणखी एक पेटी, आणखी एक पंखा.

पण लेथवाल्याला नुसतं "वीस टक्के वाढव" सांगू नका. बेल्टला जाडी असते आणि वेग ठरतो तो पुलीच्या पृष्ठभागावरून नाही, बेल्टच्या मध्यावरून. समजा तुमची पुली १० मिलिमीटरची आणि बेल्ट ०.६ मिलिमीटर जाड. तर हिशेबाचा व्यास १०.६. त्याच्या वीस टक्के वर १२.७२. त्यातून बेल्ट वजा केला की पुली १२.१२ची. सरळ १२ची केलीत तर वेग जवळजवळ एक टक्का कमी पडेल. ऐकणाऱ्या दहातल्या नऊ जणांना कळणार नाही, पण काळी_चारना कळेल.

म्हणून १२.२ची करून घ्यायची. मग मोटर चालू ठेवून फिरत्या पुलीला हजार नंबरचा पॉलिश पेपर नुसता टेकवायचा, बेल्ट काढून. थोडं घासायचं, पितळेची पूड पुसायची, बेल्ट चढवून फेरे मोजायचे. तीन मिनिटांत शंभर आले की थांबायचं. घासून कमी होतं, वाढत नाही, म्हणून घाई करायची नाही. ३३ आणि ४५ अशा दोन पायऱ्या असतात, दोन्हींना वेगळं बघावं लागेल. मधल्या पायरीची कड गोलसर ठेवायला सांगा, नाहीतर वेग बदलताना बेल्ट तिथेच अडकतो. आणि जुनी पुली काढताना ओढू नका, आधी बारका ग्रब स्क्रू (पुली शाफ्टला आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) आहे का पाहा. शाफ्ट वाकला की मग खरंच फेकायची वेळ येते.

मिरजेचा_मध्यम

कृष्णाकाठ, तुम्ही सांगलीच्याच. कुपवाड एमआयडीसीत लेथवाल्यांची काय कमी? शाफ्टचं भोक एकदम मध्यात हवं हे मात्र दहा वेळा सांगा. भोक जरा बाजूला गेलं की प्रत्येक स्वर हेलकावे खातो. तंबोरा लागला तरी जवारी बिघडलेली, तसं.

परळकर

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

रेकॉर्डी स्वच्छ करायला माझ्याकडे रामबाण आहे. फेव्हिकॉल! रेकॉर्डवर जाडसर थर द्यायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि सकाळी सालीसकट ओढून काढायचा. खाचेतली सगळी माती बाहेर.

काळी_चार

परळकर, तुमच्या एलपीवर करा, आम्ही फोटो बघू. ७८वर चुकूनही नको. ती प्लास्टिकची नसते, लाखेची असते. साल ओढताना तीच तुटेल.

लॅमिंग्टनवाले_काका

फेव्हिकॉलने एलपी स्वच्छ होते हे मी पाहिलेलं आहे, खोटं बोलणार नाही. पण थर पातळ लागला की तुकडे खाचेत राहतात आणि मग ते कशानेच निघत नाहीत. दोन-चार ईपी धुवायला एवढा उपद्व्याप कशाला? डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालायचं मिळतं ते चालेल), त्यात थेंबभर सौम्य लिक्विड सोप, मऊ मायक्रोफायबर. खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं नाही. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने परत. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. बुरशी फार असेल तर पाण्यात पाचव्या हिश्श्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल.

हे अल्कोहोल फक्त व्हायनलला, म्हणजे एलपी आणि ईपीला. ७८ची चपडा लाखेची असते आणि स्पिरिट हेच चपड्याचं विरघळवण. पॉलिशवाला स्पिरिटमध्ये चपडा घालूनच फ्रेंच पॉलिश बनवतो. एका स्पिरिटच्या बोळ्यात पन्नास वर्षं टिकलेली रेकॉर्ड चिकट होऊन जाते. ७८ला नुसतं ओलसर फडकं आणि लगेच कोरडं. आणि सगळ्या रेकॉर्डी उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या. आडव्या थप्पीत खालच्या वाकतात, ७८ तर तडकतात.

कृष्णाकाठ

काका, फिएस्टा सिरीज लॅम्पवर घेतला. बल्ब चमकून मंद झाला. आत ट्रान्सफॉर्मर आहे, चॅसीला टेस्टर पेटत नाही. एक कंडेन्सर वरून फुगलेला दिसतोय. ताटली काढली, खाली रबराचं छोटं चाक आहे, मोटरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शाफ्टला आणि ताटलीच्या आतल्या कडेला एकाच वेळी टेकणारं. त्याच्यावर एका ठिकाणी खोलगट खूण आहे, नखाला लागते. आणि मोटरच्या बुशावर (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कडीवर) काळपट डिंकासारखं काहीतरी आहे.

लॅमिंग्टनवाले_काका

झालं, सगळं सापडलं.

काळपट डिंक म्हणजे मूळचं तेल. तेच वाळून मोटरला धरून ठेवतंय. ही मोटर पायोनियरसारखी लहरींना बांधलेली नाही, साधी इंडक्शन मोटर आहे, ओझं पडलं की मंदावते. म्हणून रडणं. मोटर सुटी करा, शाफ्ट काढून बुश आयसोप्रोपिलने पुसा, सुकू द्या, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल नाही, मोहरीचं नाही, गंजनाशक स्प्रेही नाही. ताटलीच्या मधल्या दांड्यालाही तेच.

धप् धप् त्या खोलगट खुणेची. नॉब कुठल्या तरी वेगावर ठेवून यंत्र माळ्यावर टाकलं की रबर वर्षानुवर्षं एकाच जागी दाबलेलं राहतं आणि तिथे खळगा पडतो. रबर वरून घट्टही झालेलं असेल. चाक ड्रिल मशीनमध्ये धरून हळू फिरवा आणि बारीक पॉलिश पेपर हलका लावा, काळी पूड येऊन मॅट पृष्ठभाग दिसेपर्यंत. खळगा उथळ असेल तर जाईल. खोल असेल तर नवीन रबर चढवून देणारे अजून आहेत. या रबराचा व्यास थोडा कमी झाला तर वेग बदलत नाही, घाबरू नका. ते फक्त मधला दलाल आहे, वेग ठरतो मोटरच्या पायरीवर आणि ताटलीवर. मात्र तेलाचं बोटही त्याला लागता कामा नये.

फुगलेला कंडेन्सर बदला. तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. एक फुगलाय म्हणजे त्याच्या बरोबरीचे दोन-तीनही बदलून टाका. सोल्डरिंग येतं म्हणालात, अर्ध्या तासाचं काम.

आता लांबून येणारं गाणं. आवाज अर्ध्यावर ठेवा, कार्ट्रिजच्या (आर्मच्या टोकाला पिन धरणाऱ्या डबीच्या) मागच्या वायरला स्क्रूड्रायव्हरची पाती टेकवा आणि पातीला बोट लावा. चॅसी सुरक्षित आहे हे तुम्ही बघितलंय म्हणून सांगतोय. स्पीकरमधून जोरात भूंऽऽ आलं तर अँप्लिफायर ठणठणीत, दोष कार्ट्रिजचा.

कृष्णाकाठ

भूंऽऽ आलं. शेजारच्या काकूंनाही ऐकू गेलं.

लॅमिंग्टनवाले_काका

मग कार्ट्रिज गेलं. जुन्या प्लेअरांत क्रिस्टल असायचा, रोशेल सॉल्टचा. ते मीठच, दमट हवेत पाणी धरतं आणि विरघळतं. कोकणातल्या आणि मुंबईतल्या यंत्रांत जिवंत क्रिस्टल मी क्वचितच पाहिला. सांगलीत टिकला असता, पण तुमच्याकडेही महापूर आणि पाऊस काय कमी नाही. नंतरची सिरॅमिक जास्त टिकतात, पण त्यांच्यातलंही पिन धरणारं रबर वाळतं.

दोन पिनांचं सिरॅमिक कार्ट्रिज शोधा, छोटा खटका फिरवला की एका बाजूला ७८ची पिन आणि दुसऱ्या बाजूला एलपीची. ते फिएस्टाला साजेसं, कारण सिरॅमिकचा आवाज मुळातच मोठा असतो, आतल्या छोट्या अँप्लिफायरला पुरतो. मॅग्नेटिक कार्ट्रिज त्याला लावून उपयोग नाही, ते जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट देतं.

खटका मात्र दरवेळी बघायचा. ७८ची खाच रुंद, तिची पिन टोकाशी साधारण ७५ मायक्रॉनची. एलपीची १८. एलपीची पिन ७८वर ठेवलीत तर ती खाचेच्या तळाशी मातीत चालते. ७८ची पिन एलपीवर ठेवलीत तर खाचेत बसतच नाही, वरून नांगरत जाते आणि ती एलपी कायमची गेली.

काळी_चार

+१. माझ्याकडे एका मामांच्या संग्रहातल्या कुमारजींच्या दोन एलपी आल्या होत्या, दिसायला कोऱ्या. लावल्या तर तानेच्या जागी फक्त सर्रर्र. कोणीतरी प्रेमाने ७८च्या पिनेवर वाजवलेल्या.

ठाण्याचा_ठणठणपाळ

एवढं सगळं करण्यापेक्षा ते नवीन सुटकेसवाले प्लेअर मिळतात, ब्लूटूथसकट. त्यांचं काय?

एडिसनकर

त्यात तेच छोटं लाल सिरॅमिक कार्ट्रिज असतं, पाच ग्रॅमच्या आसपास दाब आणि तो बदलायची सोय नाही. एका ऐकण्यात रेकॉर्डचा चुरा होतो असं काही नाही, लोक फार घाबरवतात. पण जोरदार जागी पिन उडते आणि तीच जागा दरवेळी घासते. घरात पीएल-१२डी असताना ते घेणं म्हणजे काहीच्या काही.

कृष्णाकाठ, पायोनियरला नवीन कार्ट्रिज टाकणार असाल तर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई बघा. हिऱ्याची पिन, दाब दोन ग्रॅम. आर्मचा तोल असा साधा: अँटिस्केट (आर्मची आत ओढ घेण्याची सवय तोलणारा नॉब) शून्यावर, मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत आणा, मग नुसती आकड्यांची कडी शून्यावर आणा, मग वजन आणि कडी एकत्र फिरवून दोनवर. अँटिस्केटही दोन. आकड्यावर विश्वास नसेल तर सोनाराकडचा खिशातला डिजिटल काटा घ्या, पण मोजताना पिनेची उंची रेकॉर्डच्या पृष्ठभागाएवढी हवी, नाहीतर वजन वेगळं येतं.

आणि पायोनियर थेट अँप्लिफायरच्या ऑक्सला (साध्या इनपुटला) लावू नका. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तार सप्तक उचललेलं असतं, दोन्ही टोकांना वीसेक डेसिबल. १९५४ पासून त्याचा एक ठरलेला वक्र आहे, आरआयएए म्हणतात. अँप्लिफायरवर "फोनो" लिहिलेली जागा असेल तर तीच उलटी दुरुस्ती करते. नसेल तर छोटा फोनो प्रीअँप लागेल. त्याशिवाय ऐकलंत तर आवाज बारीक आणि तबल्याचा डग्गा गायब.

कृष्णाकाठ

भाऊजींचा सोनोडाइनचा जुना अँप्लिफायर आहे, त्याला फोनो आहे. लावला. पण सारखा घूंऽऽ येतोय. संगीत सुरू झालं की कळत नाही, थांबलं की जाणवतं.

लॅमिंग्टनवाले_काका

टर्नटेबलच्या मागून आवाजाच्या दोन प्लगांखेरीज एक सुटी बारीक वायर येते, टोकाला यू आकाराची पट्टी. ती अँप्लिफायरच्या मागे "ग्राउंड" लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट करा. तरी राहिलं तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कुठे ठेवलाय सांगा. मॅग्नेटिक कार्ट्रिज शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व पकडतं, त्याला तीन-चार फूट लांब हलवा. शेवटी घरातलं अर्थिंग. जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनेला नुसतं भोक असतं, मागे वायर नसते.

कृष्णाकाठ

सुटी वायर मागे गुंडाळून ठेवलेली होती आणि ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलला खेटूनच. दोन्ही केलं, घूं गेलं.

पुलीही झाली. कुपवाडच्या लेथवाल्या दादांनी आधी "हे कशाचं बुश?" असं विचारलं. सांगितल्यावर त्यांनीच काम बाजूला ठेवून स्वतः केली. काकांनी सांगितल्याप्रमाणे थोडी मोठी. घासायला बसले तेव्हा पहिल्या मोजणीत एकशे एक आले, मग पेपर टेकव, पूस, मोज असं करत शंभर. ४५ची पायरी भाऊजींनी केली, तीन मिनिटांत एकशे पस्तीस धरून. आता घरातल्या सगळ्या बायका बायकांसारख्या गातात. भीमसेनजींची एलपी लावली तेव्हा पेटीवर पट्टी जुळली.

फिएस्टाची मोटर साफ झाली, रबर घासलं, धप् धप् गेली, कंडेन्सर बदलले. कार्ट्रिज यायचंय.

पायोनियरला ७८ नाहीच, तर ट्रंकेतल्या रेकॉर्डी फिएस्टावरच लावायच्या का? डिजिटल करून ठेवायच्या होत्या.

काळी_चार

ऐकायला फिएस्टा. जतन करायला दुसरा रस्ता आहे. व्हीएम९५च्या त्याच कार्ट्रिजला एसपी नावाची ७८ची पिन बसते, तीन मिलची (म्हणजे काकांनी सांगितलेली साधारण ७५ मायक्रॉनची), दाब पाच ग्रॅमच्या आसपास. पायोनियरवर ४५ला वाजवा, संगणकात घ्या आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग वाढवा, ४५ वरून ७८. ७८ला आरआयएएचा वक्र लागू नाही, त्यामुळे प्रीअँपची दुरुस्ती आधी उलटी करून मग जुना वक्र लावणं योग्य. पहिल्या खेपेला नुसता वेग बदललात तरी चालेल, पण मूळ फाइल न बदलता ठेवा.

आणि ७८ म्हणजे ७८च असं नाही. १९२५च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांत वेग पक्का नसे, सत्तरच्या घरात कुठेही. लेबलवर साल क्वचितच असतं, पण क्रमांक असतो. त्या क्रमांकांच्या याद्या करणारे लोक मुंबईत आहेत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून हेच काम करत आलीय. ट्रंक उघडलीत की आधी लेबलांचे फोटो काढा, वाजवणं नंतर.

परळकर

फेव्हिकॉलचा प्रयोग एका भंगारातल्या एलपीवर परत केला. कडेला थर पातळ राहिला, तुकडा अडकला. काका, तुमच्या नावाने चहा.

जुनाबाजारी

पुण्याच्या जुन्या बाजारात एक गॅरार्डचा चेंजर मिळालाय, रेकॉर्डी एकावर एक ठेवून आपोआप पडणारा. पहिली पडते, दुसरी अडकते. त्याचीही पुली मोठी करावी लागेल का?

लॅमिंग्टनवाले_काका

तो इथलाच असेल तर पुलीला हात लावू नका, ती ५० हर्ट्झचीच. तुमचं दुखणं मधल्या लांब दांड्यात आहे, आतली जीभ वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकते. पण चेंजर हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात पन्नास बारीक दांड्या आहेत. वेगळा धागा काढा, फोटोसकट. तोवर एकावर एक रेकॉर्डी ठेवू नका, एकेक हाताने लावा.